साठावी पुंगळी

पितळ हा माणसानं स्वतःच्या स्वभावावरून बेतलेला एकमेव धातू आहे. वरून चकचकीत, आतून ताणलेला, आणि कधी तडकणार ते तडकेपर्यंत कुणाला न सांगणारा. हे वाक्य गुरुनाथांनी एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजता, मलिंगार या आयरिश गावात, आपल्या लेकीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जुळवलं. वाक्य बरं झालं होतं. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाला असं एखादं वाक्य सुचायला हरकत नसते. ते लिहून ठेवावं म्हणून ते कागद शोधायला लागले, तेवढ्यात निवेदिता म्हणाली, “बाबा, डिशवॉशरमध्ये पोळपाट कुणी घातलं?” घरात माणसं चार होती, पण प्रश्न एकालाच होता. “तडकलंय बघा,” ती म्हणाली. “सगळंच तडकतं,” गुरुनाथ म्हणाले. तत्त्वज्ञान म्हणून उत्तर चांगलं होतं. पोळपाटाबद्दल पुरेसं नव्हतं. तिनं सुस्कारा सोडला आणि ते वाक्य, कागद सापडण्याआधीच, अर्धं उडून गेलं. उरलं ते फक्त ‘आतून ताणलेला’. मुठीतली वस्तू त्यांनी आणखी घट्ट धरली.

मुठीत पुंगळी होती. म्हणजे रायफलच्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच, बोटाएवढं. गोळी सुटून गेली, दारू जळून गेली, की मागं राहतं ते. गेले दोन आठवडे ती खिडकीच्या कट्ट्यावर गणपतीशेजारी उभी होती, आणि रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत गुरुनाथ ती बोटांत फिरवत. या घरात फिरवण्यासारखं दुसरं काही त्यांच्या ताब्यात नव्हतं. आज फिरवताना अंगठ्याचं नख अडलं. केसाएवढंच अडलं. त्यांनी चष्मा घातला, मग भिंग आणलं, मग खिडकीशी गेले. गळ्याच्या खाली, जिथं पुंगळीचा खांदा उतरतो तिथून, एक चीर सरळ खाली गेली होती. तिला कुणी ठोकलं नव्हतं, कुणी उडवलं नव्हतं. नुसती उभी होती आणि उभ्या उभ्या तडकली होती. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. कारण हिच्या एकोणसाठ बहिणी भिंतीपलीकडं, डेक्लनच्या शेडमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात झाकण लावून बसल्या होत्या, आणि उद्या सोमवारी, चार महिन्यांच्या टाळेबंदीनंतर, नेमबाजीची रेंज उघडणार होती. डेक्लन उद्या तिथं त्यांत नवी दारू भरणार, एकेक रायफलीत घालणार, गाल लाकडाला टेकवणार आणि एक डोळा मिटणार. दुसरा उघडाच असतो. चिरलेल्या पुंगळीतून तापलेला वायू कुठल्या बाजूनं बाहेर येऊ शकतो हे गुरुनाथांना ठाऊक होतं; ते ठाऊक असण्याचाच त्यांना पगार मिळत होता. आणि ती चीर कशानं आली, हेही त्यांना ठाऊक होतं. चीर त्यांनीच आणली होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आले होते. मग विमानं थांबली. सरकारनं व्हिसाची मुदत आपोआप वाढवली, मग पुन्हा वाढवली. अर्ज न करता सरकार काही देतं हे पाहून त्यांचा या देशाच्या कारभारावरचा विश्वासच उडाला. निवेदिता वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात जाई, जावई प्रसन्न वरच्या खोक्याएवढ्या खोलीत बसून दिवसभर कुणाला तरी ‘कॅन यू हिअर मी’ विचारी, नऊ वर्षांची स्वराली मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इथल्या इंग्रजीत हेल काढून उत्तर देई, आणि गुरुनाथ ज्या खोलीत जात तिथं त्यांना कुणीतरी ‘बाबा, नको’ म्हणे. बाबा, तो बिन नको. बाबा, हीटिंग नको. अशा वेळी, सप्टेंबरात, शेजारच्या भिंतीवरून दोन मीटरचं अंतर राखून एक लालबुंद हात पुढं आला आणि त्या हातात गळ्याशी फाटलेली पुंगळी होती. डेक्लन, निवृत्त बसड्रायव्हर, हरणांच्या मोसमातला परवानाधारक शिकारी. “तू या धंद्यातला होतास म्हणे. हे असं का होतं रे?” आठ महिन्यांत गुरुनाथांना कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना येत होतं. ते उत्तर पाऊण तास चाललं. पितळ ठोकलं की कडक होतं. पुंगळी उडवली की फुगते, पुन्हा भरायला साच्यात आवळली की दबते. पाच-सहा वेळा असं झालं की गळा हट्टी होतो आणि फाटतो. म्हणून अधूनमधून गळ्याला ज्योत द्यायची, मऊ करायचा. पण फक्त गळ्याला. पुंगळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करायच्या, म्हणजे बूड थंड राहील. बूड मऊ झालं तर संपलं; सगळा धक्का ते सोसतं. “गळा मऊ, बूड कडक,” गुरुनाथ म्हणाले. डेक्लन ते वाक्य स्वतःशी दोनदा पुटपुटला आणि म्हणाला, “म्हणजे माझ्या सासऱ्याच्या बरोबर उलट.” डिसेंबरात रेंज दोन-तीन आठवडे उघडली तेव्हा एकही गळा फाटला नाही. त्या दिवसापासून भिंतीपलीकडं गुरुनाथ ‘प्रोफेसर’ झाले. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी प्रश्न टाकला की डेक्लन लिही, थांबा, प्रोफेसरला विचारतो. भिंतीच्या अलीकडं ‘बाबा, नको’. पलीकडं ‘प्रोफेसर, काय वाटतं?’ मधे अर्ध्या विटेची भिंत. माणूस दिवसातून किती वेळा बागेत जाऊ शकतो याला काही मर्यादा असते, पण गुरुनाथांनी ती शोधायचा प्रयत्न केला नाही.

आणि अमोनिया. अमोनियाबद्दल तर त्यांनी डेक्लनला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, कारण अमोनिया हे त्यांचं आयुष्य होतं. कारखान्यात नव्या पोरांची तुकडी आली की गुरुनाथ त्यांना गोऱ्यांच्या पलटणीची गोष्ट सांगत: पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली, घोड्यांनी त्यांचा धर्म पाळला, हवेत अमोनिया भरला, आणि न उडवलेली काडतुसं पेटीतल्या पेटीत तडकली. पितळेच्या आत घडतानाचा ताण कोंडलेला असतो, मुलांनो. त्याला फक्त निमित्त लागतं. मुलं वहीत ‘घोडे’ लिहून घेत. कारखान्यात घोडे नव्हते, पण पितळेच्या गोदामाला लागून कामगारांची मुतारी होती. गुरुनाथांनी ती हलवावी म्हणून पहिला अर्ज केला तेव्हा निवेदिता पाळण्यात होती. मुतारी चाळीस मीटर सरकली तेव्हा ती सहावीत गेली होती. मधे अकरा वर्षं, दोन समित्या, आणि ‘सदर मुतारीचा वास हा वैयक्तिक मताचा विषय आहे’ असा एक शेरा. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांच्या कार्याचा उल्लेख केला तो एवढाच, की काही माणसं इतिहास घडवतात, काही माणसं जागा बदलतात. लोक हसले होते. त्यांची बायको लीलावतीही हसली होती, पदर तोंडाला लावून, आणि घरी येताना रिक्षात म्हणाली होती, तुमच्यामुळं निदान कुणाचा डोळा तरी गेला नाही. तेवढ्यावर त्यांनी निवृत्ती काढली. डेक्लनची शेड कोंबड्यांच्या खुराड्याला लागून होती. गुरुनाथांनी एका दुपारी भिंतीवरून कोंबड्या आणि अमोनिया यांचं नातं समजावलं, आणि संध्याकाळच्या आत डेक्लननं बारा कोंबड्या बागेच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. ना अर्ज, ना समिती. त्या रात्री गुरुनाथ जेवताना इतके खुशीत होते की निवेदितानं त्यांचा ताप बघितला.

मग पाडवा आला. पाडवा मंगळवारी होता, आदल्या शनिवारी त्यांनी गुढीचा तांब्या घासायला काढला. चिंच संपली होती. चिंच मिळणार ब्लँचर्डस्टाउनला, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडं जायला बंदी. गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, अडवलं तर चिंच हे अत्यावश्यक कारण आहे हे त्याला पटवायची प्रसन्नची तयारी नव्हती. “सिंकच्या खाली प्रेसमध्ये ब्रासचं पॉलिश आहे,” तो म्हणाला. कपाटाला तोही आता इथल्यासारखं प्रेस म्हणायला लागला होता. पांढरं, दाट, बाटलीतलं पॉलिश. फडक्यावर घेतलं आणि तांब्या असा उजळला, की चिंचेनं सात जन्मांत उजळला नसता. हात थांबेनात. समोर आइस्क्रीमच्या डब्यात डेक्लनच्या साठ पुंगळ्या होत्या, गळे नीट मऊ झालेत का ते नखानं बघायला दिलेल्या. काळवंडलेल्या, तपासायला काही अडचण नव्हती. काळ्या पुंगळीला तपासनीसाची हरकत असायचं कारणच नाही. लकाकीची कुणाला गरज नव्हती. पण क्लबमधली माणसं एक दिवस डबा उघडतील आणि म्हणतील, हे कुणी केलं? आणि डेक्लन म्हणेल... गुरुनाथांनी साठच्या साठ घासल्या. आतून कान-कोरण्याला कापूस लावून गळेसुद्धा. नीट धुतल्यासुद्धा नाहीत, पुसल्या आणि झाकण लावलं. एकोणसाठ परत केल्या. साठावी डेक्लननं त्यांनाच दिली, ठेव आठवण. पॉलिशचा वास? जानेवारीत सगळं घर आजारी पडलं तेव्हा गुरुनाथांचं नाक गेलं ते अजून आलं नव्हतं. फोडणी जळली तरी त्यांना आधी स्मोक अलार्मकडून कळे. नाक नव्हतं. पण डोळे होते. घासताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना, आणि गुरुनाथांना वाटलं, लीलावती. चार वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा डोळ्यांना काही आलं नव्हतं; नातेवाईक येऊन त्यांच्या चेहऱ्याकडं बघून जात आणि जिन्यात कुजबुजत. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या सिंकपाशी, तिचा तांब्या हातात असताना आलं एकदाचं. त्यांनी ते पुसलं नाही. उलट, कुणी बघायला नव्हतं तरी, थोडं मिरवलं. निवेदितानं दारातून पाहिलं आणि मागं फिरली, आणि त्या आठवड्यात तिनं एकदाही ‘बाबा, नको’ म्हटलं नाही.

आता, रविवारी, त्यांनी सिंकखालची बाटली काढली आणि मागचं बारीक अक्षर भिंगाखाली धरलं. तिसऱ्या ओळीत होतं: अमोनिया. ते जमिनीवरच बसले. म्हणजे ते रडणंसुद्धा. तेसुद्धा बाटलीतलं. क्षणभर त्यांना डेक्लनच्या डोळ्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली, आणि लाजेमुळं ते उठले, कारण गुडघे लाजेशिवाय उठत नसत. पावणेदहा. डेक्लन आणि त्याची बायको ब्रीडा अकराची प्रार्थना लॅपटॉपवर बघत, चर्च बंद असल्यामुळं. ती संपेपर्यंत दोघं बागेत यायची नाहीत. दार वाजवता आलं असतं. गुरुनाथांनी दार वाजवलं नाही. त्याऐवजी त्यांनी मनात मसुदे केले. ‘असे निदर्शनास आले आहे की, सदर पुंगळ्यांस पॉलिश लावण्यात आलेले आहे.’ चौतीस वर्षं त्यांनी अशी वाक्यं लिहिली होती, ज्यांत गोष्टी आपोआप होतात. किंवा: डेक्लन, त्या जरा परत दे, आणखी एकदा तपासतो. घ्यायच्या, आणि हरवायच्या. नऊ वर्षांच्या मुलीच्या घरात काहीही हरवू शकतं. किंवा: पितळ जुनं होतं, तुझंच. हे तर खरंही होतं. ते जिन्यानं वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. “आजोबा, यू आर लाइक अ फ्लाय,” स्वराली म्हणाली. त्यांनी रमेशला फोन लावला.

रमेश म्हणजे कारखान्यातला भट्टीवरचा फोरमन, गळे मऊ करणारा. गुरुनाथ त्याच्या कामात चुका काढत आणि तो गुरुनाथांच्या स्वभावात. पुण्यात दुपार होती. “काय रे गुरू, जिवंत आहे का बघायला फोन केलास?” “कसा आहेस?” “चौऱ्याण्णव.” त्या दिवसांत पुण्यात तब्येत विचारली की माणसं ऑक्सिजनचा आकडा सांगत. “सूनबाई दर तासाला बोटाला चिमटा लावते. तुझं बोल.” गुरुनाथांनी सांगितलं. पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता हे कळायला वेळ लागला, कारण तो खोकल्यातून येत होता. “अमोनिया? तू? अरे मुतारीवाल्या! चौतीस वर्षं छळलंस मला! बिडी ओढायला गोदामाशी उभा राहिलो तरी हात हुंगायचास माझे!” “हसू नकोस, आकडा उतरेल.” “उतरू दे. या महिन्यात पहिल्यांदा हसतोय.” “नाक गेलं होतं रे माझं.” “मग घाल नाकावर. गेलेल्या माणसावर आणि गेलेल्या नाकावर काहीही घालता येतं.” “डोळ्यांत पाणी आलं होतं, रमेश. तेव्हाच कळायला हवं होतं.” “मग?” “मला वाटलं, लीलावतीच्या आठवणीनं.”  रमेशचा एकेक श्वास ऐकू येत होता, आणि गुरुनाथ नकळत मोजायला लागले. “वहिनींनी चिंचेनंच घासल्या असत्या,” तो शेवटी म्हणाला. “आणि गुरू, नसतं तुला आठवलं तर तू तांब्या घासायला काढला असतास का? ते जाऊ दे. त्या गोऱ्याला सांग.” “सांगणारच आहे. पण कसं सांगू?” “तोंडानं,” रमेश म्हणाला आणि सुनेनं फोन काढून घेतला.

साडेदहाला प्रसन्न चहासाठी खाली आला, त्याला गुरुनाथांच्या हातात पुंगळी दिसली, आणि त्यानं दर आठवड्याचं वाक्य म्हटलं, “बाबा, आपली सिटिझनशिपची फाइल सरकारकडं आहे आणि घरात काडतूस.” “रिकामं आहे. आणि आता तर फुटकंही.” “ते गार्डांना कोण समजावणार?” एरवी गुरुनाथ म्हणाले असते, डेक्लन समजावेल. आज ते म्हणाले नाहीत. डेक्लन यापुढं काय समजावेल, कुणाला समजावेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘प्रोफेसर’ जाईल. मग ते कोण उरतील? डेक्लन कुणाचंही नाव विसरला की ‘यूअर मॅन’ म्हणे, तो अमुक, तो तमका. पोस्टमन यूअर मॅन, पोप यूअर मॅन. यूअर मॅन नेक्स्ट डोअर. तो शेजारचा. घरात ‘बाबा, नको’ आणि बाहेर ‘तो शेजारचा’, आणि विमान कधी सुरू होणार ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तिकडं माणसं आकड्यांवर आलेली. खिडकीबाहेर कोरडी थंडी होती, गवतावर सावलीत अजून पांढरं होतं. भिंतीपलीकडं बारा कोंबड्या नव्या जागेत, जुन्या जागेसारख्याच, काहीतरी शोधत होत्या. क्षणभर त्यांच्या मनात आलं, कदाचित बाकीच्या एकोणसाठ ठीक असतील. ही एकच वाईट असेल. उद्या काही होणारही नाही. शंभरातल्या नव्वद वेळा काही होत नाही. मग त्यांना आठवलं, हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी सगळा माल परत पाठवला होता. शिवाय ही तर उघड्यावर होती. बाकीच्या झाकण लावून, वाफेत, दोन आठवडे.

बारा वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा डेक्लन कोंबड्यांना दाणे घेऊन बाहेर आला. गुरुनाथ आधीच भिंतीशी उभे होते, कोट न घालता. “प्रोफेसर! उद्या रे उद्या!” गुरुनाथांनी पुंगळी भिंतीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले. “ही बघ. नख लाव.” डेक्लननं नख लावलं. “त्या डब्यातली कुठलीही भरू नकोस. मी त्यांना पॉलिश लावलं. त्यात अमोनिया होता.” तीन वाक्यं. कर्ता होता, क्रिया होती. अकरा वर्षांच्या पत्रव्यवहारात इतकं कमी त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. डेक्लन शेडमध्ये गेला आणि डबा घेऊन आला. झाकण उघडलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. गुरुनाथांना कसलाच वास आला नाही. ऊन पडलं होतं आणि डबा लखलखत होता. दोघांनी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून, आळीपाळीनं एकच भिंग भिंतीवर ठेवत, एकेक तपासली. एकोणसाठात सतरा चिरलेल्या. सतराव्या वेळी डेक्लननं भिंग खाली ठेवलं.

“तू मला सांगितलंस, अमोनिया जवळ येऊ देऊ नकोस,” तो म्हणाला.

“हो.”

“मी कोंबड्या हलवल्या.”

“हो.”

“बारा कोंबड्या, प्रोफ... बारा. दोन आठवडे अंडी दिली नाहीत त्यांनी. रुसल्या होत्या.”

“हो.”

“वास नाही आला तुला?”

सबब म्हणून नाक तयार होतं. खरंही होतं. गुरुनाथांनी ते तसंच राहू दिलं. “डोळ्यांतून पाणी येत होतं,” ते म्हणाले.

“मग थांबला का नाहीस?”

“मला वाटलं, मी रडतोय.”

डेक्लननं त्यांच्याकडं पाहिलं, मग कोंबड्यांकडं, मग बराच वेळ आकाशाकडं, जिथं नेमकं काहीच नव्हतं. “ग्रँड,” तो म्हणाला. इथं या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकतो, ‘उत्तम’पासून ‘आता पुढं बोलू नकोस’पर्यंत. तो आत गेला. गुरुनाथ उभे राहिले. दारातून त्याचा ब्रीडाशी बोलण्याचा आवाज आला, आणि त्यात, अगदी स्पष्ट, ‘यूअर मॅन’. बरं. झालं तर. थंडी दंडात शिरली होती, पण आत जावंसं वाटेना; आत गेलं की पोळपाट होतं. मग डेक्लन बाहेर आला, हातात हातोडा. त्यानं फरशीवर एक पुंगळी आडवी ठेवली आणि चपटी केली. दुसरी. “फक्त सतरा की सगळ्या?” त्यानं मान वर न करता विचारलं. “सगळ्या,” गुरुनाथ म्हणाले. “ज्यांना चीर नाही त्यांनाही?” “त्यांना अजून नाही.” डेक्लननं मान हलवली आणि सगळ्या ठोकल्या, एकोणसाठ, आणि भिंतीवरची साठावी. कोंबड्या दर ठोक्याला दचकून पुढं जात आणि पुन्हा मागं येत. निवेदिता मागच्या दारात येऊन उभी होती. गुरुनाथांना ती तिथं केव्हापासून आहे ते ठाऊक नव्हतं. आता डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. त्यांनी सवयीनं हवेत अमोनिया असेल का याचा विचार केला. डबा तर मघाच पलीकडं, वाऱ्याच्या दिशेला, ठेवला होता. त्यांनी त्या विचाराचा शेरा रिकामाच ठेवला. डेक्लन उठला, कमरेला हात लावला, चपट्या पितळेची बादली बाजूला केली आणि भिंतीशी आला. काहीतरी मोठं बोलणार अशा चेहऱ्यानं त्यानं दोनदा घसा खाकरला.

“प्रोफेसर,” तो म्हणाला, “त्या बाटलीत थोडं उरलंय का? ब्रीडा महिनाभर दारावरच्या पितळी कड्यावरून डोकं खातेय.”